रेकॉर्ड केले, पण जपले का?

१९८७ च्या उन्हाळ्यात माझे मामा टीव्हीवर आले. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग होती. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमात त्यांनी एप्रिलच्या खरड छाटणीबद्दल चार-पाच मिनिटे माहिती सांगितली. मुलुंडच्या मावशीकडे व्हीसीआर होता. तिने तेवढा भाग टेप केला आणि नाशिकला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने कॅसेट धाडली. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. एका दिवसाच्या भाड्याने तो आणला, मामांना गावाहून बोलावले आणि घरातल्या चौदा माणसांनी ती पाच मिनिटे सहा वेळा पाहिली. मामा स्वतः मात्र मान खाली घालून बसले होते.

५ नोव्हेंबर १९८७ ला वानखेडेवर भारत-इंग्लंड उपांत्य सामना होता. तोवर शेजाऱ्यांनी व्हीसीआर घेतला होता. वडील संध्याकाळी कचेरीतून आल्यावर त्यांना सामना पाहता यावा म्हणून माझ्या चुलतभावाने तो टेप केला. हाताशी जी कॅसेट लागली ती घेतली, आणि ती मामांची होती. भारत हरला. ग्रॅहॅम गूचच्या ज्या स्वीपच्या फटक्यांनी देशाला रडवले, तेच आमच्या मामांच्या अंगावरून गेले. मामा १९९४ साली वारले. त्यांचे बोलते-चालते चित्र आमच्याकडे दुसरे नाही.

व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक नखाएवढी पट्टी असे. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. ही गोष्ट मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळली. पट्टी मोडायला दोन सेकंद पुरतात.

दुसरा प्रसंग २०१५ च्या सिंहस्थातला. रामकुंडावर एका वाहिनीच्या वार्ताहराने आईसमोर माईक धरला आणि ती दोन वाक्ये बोलली. बातमीपत्र पुन्हा लागणार हे कळल्यावर मी घरच्या रेकॉर्डिंगवाल्या सेट टॉप बॉक्सवर ते टिपून ठेवले. या वेळी मी शहाणा होतो. रेकॉर्डिंग पुसले जाऊ नये यासाठी असलेले कुलूपही लावले. २०१८ मध्ये बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस आला, जुना बॉक्स घेऊन गेला आणि नवा लावून गेला. "आतलं रेकॉर्डिंग?" असे मी विचारले. तो म्हणाला, "काका, ते बॉक्समध्येच असतं."

त्या एका वाक्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. मी इंजिनिअर नाही. जुने बॉक्स उघडून पाहणे, दुकानदारांशी बोलणे आणि मिळेल ते वाचणे, एवढीच माझी शाळा. घरी डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर लावू पाहणाऱ्याने सुरुवात कशी करावी हे या लेखात सांगायचे आहे. पण त्याआधी एक फरक नीट पाहायला हवा. हे यंत्र 'नंतर पाहता यावे' म्हणून बनवलेले आहे, 'कायम राहावे' म्हणून नव्हे. आपण ते दुसऱ्या हेतूने विकत घेतो आणि फसतो.

वेळ पुढे ढकलणारे यंत्र

सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणले, तेव्हा त्यांनी ग्राहकाला जे वचन दिले ते वेळेचे होते. कार्यक्रम लागेल तेव्हा तुम्ही घरी असलेच पाहिजे, असे आता नाही. अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्यांना हे रुचले नाही. युनिव्हर्सलने सोनीवर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने निकाल सोनीच्या बाजूने लागला. नंतर पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग हा रास्त वापर आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यात भर 'नंतर पाहण्या'वर आहे. घरात संग्रह करण्याचा मुद्दा त्या निकालाचा आधार नव्हता.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्याच सुमारास व्हीसीआर घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली दिसू लागला. लग्न, बारसे, रात्रभर भाड्याने आणलेले तीन सिनेमे हे त्याचे मुख्य काम. टीव्हीवरचे टिपून ठेवणे हे त्यानंतरचे.

१९९९ मध्ये अमेरिकेत टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही यंत्रे आली. त्यांत कॅसेटऐवजी संगणकातली हार्ड डिस्क होती. भारतात ही सोय डीटीएचमुळे आली. टाटा स्कायने २००८ मध्ये 'प्लस' नावाचा रेकॉर्डिंग करणारा बॉक्स आणला आणि पुढे इतर कंपन्यांनीही तसे बॉक्स आणले. नाशिककरांच्या दृष्टीने आणखी एक तारीख महत्त्वाची आहे : ३१ मार्च २०१३. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात जी ३८ शहरे होती त्यांत नाशिक होते. जुन्या पद्धतीचे केबल प्रक्षेपण थांबल्यावर व्हीसीआरला स्वतःहून वाहिन्या पकडता येईनात. पिवळी-पांढरी-लाल वायर जोडून सेट टॉप बॉक्सवर जे लागले असेल तेवढेच त्याला टिपता येई. पुढे २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन बंद केले आणि नवा व्हीसीआर मिळणेही संपले.

आत काय घडते

व्हीसीआर चित्राची लाट टेपवर उमटवत असे. नकलेची नक्कल काढली की चित्र धूसर होई. डिजिटल रेकॉर्डरचे काम वेगळे आहे. उपग्रहावरून किंवा केबलमधून आपल्याकडे येते ते चित्र म्हणजे आधीच आकड्यांत बदललेला आणि एमपेग पद्धतीने दाबून लहान केलेला प्रवाह असतो. रेकॉर्डर तो उलगडत बसत नाही. जसा आला तसा डिस्कवर लिहून ठेवतो. म्हणून रेकॉर्डिंगचा दर्जा थेट प्रक्षेपणाइतकाच असतो आणि शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच निघते.

दुसरी गंमत अशी की डिस्कवर एकीकडे लिहीत असतानाच दुसरीकडून वाचता येते. टेपवर हे शक्य नव्हते. चालू कार्यक्रम थांबवून दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याकडून पाकीट घ्यायचे आणि परत येऊन तिथूनच पुढे पाहायचे, ही सोय त्यामुळेच मिळाली. थांबवलेला हा भाग तात्पुरत्या जागेत राहतो आणि वाहिनी बदलली की सहसा पुसला जातो. त्याला रेकॉर्डिंग समजू नये.

जागेचा हिशेब सोपा आहे. साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट घेते असे धरले, तर तासाला १.३५ जीबी होतात. एचडी वाहिनीला ८ मेगाबिट धरले, तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे जेमतेम १४० तास मावतात, साध्या दर्जाचे ३७० तास. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर साध्या दर्जाचे तेवीस तास बसतात. प्रत्यक्षातले आकडे वाहिनीनुसार कमी-जास्त होतील, पण खरेदीपूर्वी अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे.

कोणता रेकॉर्डर घ्यावा

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात जाऊन "डीव्हीआर द्या" म्हटले, तर दुकानदार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा डबा पुढे ठेवील. बाजारात डीव्हीआर म्हणजे तोच. टीव्हीवरचे कार्यक्रम टिपण्यासाठी 'रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स' असे स्पष्ट मागावे. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार पैसे भरून घ्यायच्या डीटीएच किंवा केबल सेवेचा. यात डिस्क आतच असते किंवा मागच्या यूएसबी खाचेत आपली डिस्क लावता येते. कार्यक्रमपत्रिकेतून एक बटण दाबले की मालिकेचा प्रत्येक भाग आपोआप टिपला जातो. वापरायला हा सर्वांत सुखाचा. पण वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात आणि रेकॉर्डिंगही कुलूपबंदच राहते. त्याची किल्ली त्या बॉक्सशी आणि त्यातल्या कार्डाशी बांधलेली असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तर फायली दिसल्या तरी चालत नाहीत. बॉक्स बदलला की किल्ली गेली. पुष्कळ बॉक्सवर वर्गणी थांबली की जुने रेकॉर्डिंगही उघडत नाही. माझ्या आईची दोन वाक्ये गेली ती या वाटेने. डिस्क शाबूत असती तरी ती मला काढता आली नसती.

दुसरा प्रकार मुक्त प्रक्षेपणाचा. प्रसार भारतीची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. तिला मासिक वर्गणी नाही आणि तिच्यावर सह्याद्री वाहिनी आहे. खासगी वाहिन्यांची यादी लिलावानुसार बदलत राहते. यासाठी मिळणाऱ्या बऱ्याच साध्या बॉक्सना यूएसबी खाच असते आणि पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येते. तयार होणारी फाईल बहुधा 'टीएस' प्रकारची असते आणि ती व्हीएलसीसारख्या मोफत प्रणालीने संगणकावर पाहता येते. इथे वाहिन्या थोड्या आहेत आणि कार्यक्रमपत्रिकाही जेमतेम आहे. पण फाईल हाती येते.

रोजच्या मालिका आणि क्रिकेटसाठी पहिला प्रकार उत्तम. जपून ठेवायचे असेल तर दुसराच हवा. ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांनी दोन्ही ठेवावेत. जपायचा कार्यक्रम मुक्त वाहिनीवर नसेल, तर निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे प्रत मागावी. दुसऱ्या दिवशी मागितली तर मिळण्याची शक्यता असते. दहा वर्षांनी मागितली तर देणारे माणूसच जागेवर नसते.

पहिल्या दिवशी काय करावे

बॉक्स शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नये. आत डिस्क फिरत असते, ती तापते. वर शोभेची वस्तू आणि भरतकामाचा रुमाल ठेवण्याची आपली रीत या यंत्राला मानवत नाही. वीज जाण्याचा त्रास असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर जोडावे, कारण लिहिता लिहिता वीज गेली की चालू फाईल खराब होऊ शकते.

डिश नीट बसवून घ्यावी. घरगुती डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या लोकांना हे सांगायला नको. टीव्ही पाहताना अशा वेळी चित्राचे चौकोन पडले तर आपण चहा करायला उठतो, पण रेकॉर्डिंगमध्ये ते चौकोन कायमचे राहतात. म्हणून पावसाळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम असेल तर पुनःप्रक्षेपणही टिपून ठेवावे.

मग पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून पाहावे, पेन ड्राइव्ह काढावा आणि संगणकाला लावावा. फाईल चालली आणि आवाज आला, तरच तो बॉक्स आपल्या कामाचा. ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी, दुकानाची पावती खिशात असताना.

पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. साध्या दर्जाचे तीन तास होताच काही बॉक्स नवी फाईल सुरू करतात, तर काही तिथेच थांबतात. नाट्यसंगीताची मैफल टिपायची असेल तर हे आधी तपासावे.

वेळ लावताना आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटे जास्त धरावीत. कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर संपतो असे मानणाऱ्याच्या हाती शेवट लागत नाही.

डिस्क भरली की अनेक बॉक्स सर्वांत जुने रेकॉर्डिंग न विचारता पुसतात. ते टाळण्यासाठी 'राखून ठेवा' अशा अर्थाचे कुलूप असते. कॅसेटच्या त्या नखाएवढ्या पट्टीचे हे नवे रूप. ते लावावेच. पण ते घरातल्या माणसांपासून आणि भरलेल्या डिस्कपासून वाचवते. बिघडलेल्या यंत्रापासून नाही.

जपणे म्हणजे काय

आता सगळेच मोबाइलवर पुन्हा पाहायला मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मालिका आणि चित्रपट मिळतात, हे खरे. तेही परवाना संपला की एके दिवशी गायब होतात. पण दुपारची स्थानिक बातमी, एखाद्या लेखकाची अर्ध्या तासाची मुलाखत, शेतकऱ्याने छाटणीबद्दल सांगितलेली पाच मिनिटे, ही कोण ठेवतो?

टेप महाग होती त्या काळात प्रक्षेपण झालेला कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरणे ही जगभरच्या टीव्ही केंद्रांची सर्रास रीत होती. बीबीसीने 'डॉक्टर हू' या आपल्या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असे घालवले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकता येतो, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्स या बाईंनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरात दिवसरात्र बातम्या टेप केल्या. सुमारे सत्तर हजार कॅसेटी झाल्या. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. त्यांच्या कॅसेटी पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने स्वीकारल्या.

आपल्याला इतके लांब जायची गरज नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकात वारले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. पण त्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. त्यांच्या कामाचा जो थोडा भाग उरला तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला, आणि ते संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, फाळके गेल्यावर वीस वर्षांनी. ज्या गावाने देशाला चित्रपट दिला त्या गावाला जपण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको होते. तरी माझ्या घरात दोनदा चूक झाली.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमांत मराठी लेखक-कलावंत बोलते झाले. व्हीसीआर आल्यावरच्या काळातले असे काही एखाद्या वाचकाच्या माळ्यावरच्या कॅसेटीत असू शकते. लग्नाची म्हणून ठेवलेली कॅसेट शेवटपर्यंत पाहावी. लग्न संपल्यावर उरलेल्या टेपवर लोकांनी काहीबाही टिपलेले असते. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती यंत्रात घालू नये. टेप आणि यंत्र दोन्ही जातात. अशी कॅसेट जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी.

डिजिटल फाईलला बुरशी लागत नाही, पण ती टेपसारखी हळूहळू फिकी न होता एका क्षणात पूर्ण जाते. म्हणून जपायच्या फाईलच्या तीन प्रती कराव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. माझ्याकडे हे काम दिवाळीच्या साफसफाईत होते. फाईलला यंत्राने दिलेले आकडी नाव बदलून तारीख, वाहिनी, कार्यक्रम आणि माणसाचे नाव लिहावे. तेच एका वहीतही लिहावे. नाव नसलेली फाईल आणि पुसलेली फाईल यांत वीस वर्षांनी फारसा फरक उरत नाही.

कायद्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खासगी वापर आणि संशोधन यांसाठी रास्त वापराची मुभा देते. घरी ठेवणे, घरच्यांना दाखवणे आणि त्यावरून अभ्यास करणे या चौकटीत बसते. संपूर्ण कार्यक्रम यूट्यूबवर चढवणे किंवा विकणे बसत नाही.

पुढचा सिंहस्थ तोंडावर आला आहे. २०२७ मध्ये रामकुंडावर पुन्हा माईक फिरतील आणि नाशिकच्या शेकडो घरांतली माणसे दोन-दोन वाक्यांपुरती टीव्हीवर येतील. मी मुक्त प्रक्षेपणाचा बॉक्स आणि दोन डिस्क तयार ठेवल्या आहेत. आई आता ७९ वर्षांची आहे. मागच्या वेळी ती काय बोलली होती, असे मी तिला मध्ये विचारले. ती म्हणाली, "गर्दी फार आहे, पण सोय चांगली आहे, असं काहीतरी." माझ्या आठवणीप्रमाणे ती मामांविषयी बोलली होती. त्यांच्या नावाने बुडी मारायला आले आहे, असे. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे सांगणारा बॉक्स २०१८ मध्ये टेम्पोत बसून गेला.